आत्याच्या खापराची कमान

मी बांधलेला एकही पूल आजतागायत पडलेला नाही. फुटलं ते आत्याचं खापर, आणि तेव्हा मी त्याच्यावर बसलो होतो.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी बुलढाण्याला बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो आणि बीबी गावाच्या वाटेवर माझा दगडी कमानीचा पूल नुकताच पुरा झाला होता. ('माझा' म्हणतोय, मजुरांनी ऐकलं तर हसतील!) त्या दिवशी धाकट्या बहिणीचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला येणार होता. आमच्या वऱ्हाडात नव्या जावयाला मांडे वाढले नाहीत, तर ते जेवण कसलं? म्हणून आत्या बीबीहून आली होती, मांड्यांचं खापर गोधडीत गुंडाळून, मोटारीत मांडीवर घेऊन. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालून त्याच्या पाठीवर मांडा भाजायचं मातीचं भांडं; हे तिच्या सासूचं. वापरून वापरून असं तयार झालेलं, की हातावर फिरवून टाकलेला मांडा त्याला कधी चिकटायचा नाही.

दुपारी पुरण शिजवून आत्या जरा आडवी झाली आणि माझ्या दोन्ही पोरींनी मला गाठलं.

"बाबा, तुमच्या पुलाले मधात खांबच नाही. मंग तो पडत काऊन नाही?" थोरली पुष्पा म्हणाली.

इतक्या आस्थेनं मला साहेबानंही कधी काही विचारलं नव्हतं! ओसरीवर खापर पालथं होतं. मी ते पुढं ओढलं.

"हे पाहा! याले म्हंतात कमान. वरून भार आला का दगड एकमेकाले दाबतात, अन् भार दोन्हीकडच्या पायात उतरते. पाय बाहीर पळाले पाहातात, म्हणून बाजूनं भक्कम भिंत घालून ते दाबून धरा लागतात."

"अन् पाणी कुठून जाते?"

रास्त प्रश्न. मी खापर उचलून दोन विटांवर ठेवलं आणि खालून तांब्याभर पाणी सोडलं. पोरींनी टाळ्या पिटल्या. इथं थांबलो असतो तर आज घरात मला मान असता!

"मोटार गेली तरी नाही पडत?" पुष्पानं विचारलं.

"मोटारीचं काय घेऊन बसली? म्या सोता बसून दाखवतो!"

धाकटी कुंदा मात्र वाकून विटा न्याहाळत होती. "पण बाबा, हिचे पाय कोनं धरले?"

"मधात बोलू नको गं!" असं म्हणून मी बसलो.

कडाड्! विटा दोन दिशांना, खापराचे तीन तुकडे आणि ओव्हरसिअर पाण्यात!

आत्या धावत आली. आता शिव्यांचा पट्टा सुटणार म्हणून मी डोळे मिटले. पण ती खाली बसून तुकडे गोळा करू लागली. "सासूनं दागिने थोरल्या जावेले देले," ती हळूच म्हणाली, "अन् मले हे देलं होतं रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, म्या चुकलो."

"तू चुकला नाही बावा, तू बसला!"

ओल्या धोतरानंच मी कुंभाराकडे पळालो. नवं खापर आलं, पण त्यावर प्रत्येक मांडा चिकटला आणि फाटला. आत्या तर लाजेनं बाहेर येईना. जावई मात्र भला माणूस. "आत्याबाई, बरं केलं, आमची मांडे तोडाची मेहनत वाचली! वाढा अजून!" असं म्हणत तो चार फाटके मांडे तुपाशी जेवला. तेव्हा कुठं आत्या पदर डोळ्याला लावून हसली.

दुसऱ्या दिवशी मी तिला पोचवायला निघालो. नवं खापर तिनं सोबत घेतलं होतं, ते तिच्याच हाताखाली तयार व्हायचं होतं. मोटार पुलाजवळ आली. मला राहवलं नाही.

"आत्या, हा पूल म्या बांधला!"

"कंडक्टर," आत्या ताडकन उठली, "गाडी थांबव बावा!"

सगळी मोटार माझ्या पुलावरून आरामात पलीकडे गेली. कोरड्या नदीतून पायी गेलो ते दोघंच: पुढं आत्या, आणि मागं डोक्यावर खापर घेतलेला त्याच पुलाचा ओव्हरसिअर.