बुरशीचे हाडवैरी

बुरशीचा एवढा हाडवैरी जगात दुसरा झाला नसेल. आमचे शेजारी, शेवगावचे गुरांचे डॉक्टर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लाडू फोडून आधी वास घेत. वाढपी ताटकळे, वधूपिता कासावीस होई. यांना त्याचं काही नसे. आमच्या हिने कौतुकाने दिलेलं लोणचं त्यांनी भिंगाखाली तपासलं, तेव्हापासून तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. "बुरशीचं विष अंगातली ताकद आतून खातं, मास्तर," ते मला सांगत. "मग रोग आला की जनावराकडे झुंजायला काही उरत नाही. लससुद्धा लागू पडत नाही."

बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी जमिनीतली जुनी पेवं उघडली. कडेची ज्वारी ओल लागून काळी पडलेली. माणसांना चालणार नाही ती बैलापुढे जाई. धान्य उकिरड्यावर टाकायला कुणाचा हात धजणार? डॉक्टर सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर घटसर्पाची लस टोचत आणि ती ज्वारी घालू नका म्हणून घसा कोरडा करत. लोक हसत.

एका वस्तीवर एकटी म्हातारी होती, तिचा एकुलता बैल होता. लस टोचूनही तो घटसर्पाने गेला. मी डॉक्टरांबरोबर गेलो तेव्हा म्हातारी त्याच्या सुजलेल्या गळ्यावरून हात फिरवत बसली होती. शेजारी पाटीत भिजवलेली काळी ज्वारी. डॉक्टरांनी मूठभर उचलून नाकाशी नेली आणि परत ठेवली.

"डाक्टर, सुई टोचली हुती न्हवं तुमी?" म्हातारी म्हणाली. "मंग माझं काय चुकलं वो? पोटाला चिमटा घिऊन दाना घातला म्या त्याला."

वस्तीवरची माणसं जमली होती. लग्नात वधूपित्याची भीड न ठेवणारा हा माणूस आता काय बोलेल, याची मला धास्ती वाटली.

"मावशी, तुमचं काही चुकलं नाही," डॉक्टर म्हणाले. "लस उन्हात राहिली होती. चूक माझी."

बर्फाच्या डब्याला ओलं पोतं गुंडाळून लस नेणारे डॉक्टर मी रोज पाहत होतो. तपासायला हवी असं सांगून त्यांनी तिची उरलेली ज्वारी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरची चांगली ज्वारी पोचवली. पण बोभाटा झालाच. लोक त्यांच्याकडून लस टोचून घेईनात. शेवटी त्यांची अकोल्याला बदली झाली.

एसटी स्टँडवर पोचवायला मी गेलो, आणि ती म्हातारी आली. "चुकतं मान्साचं," ती म्हणाली. "मनाला लावून घिऊ नगा."

डॉक्टर वाकून तिच्या पाया पडले. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला ते बघवेना. गाडी सुटेपर्यंत मी दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत राहिलो.