रापणीतला शालूचा वाटा

परवा सकाळी तांदळाची पिशवी घेऊन किनाऱ्यावर गेले... आणि तशीच परत घेऊन आले. पण खंत नाही.

आमच्या नगरपालिकेच्या तिजोरीत सध्या खडखडाट आहे. घरपट्टी धड वसूल नाही, पण चौकात रंगीत कारंजं मात्र उभं राहिलं... ऋण काढून सण! आता कारंजंही बंद आणि सफाईवाल्यांचा पगारही.

शालू आमच्या बाजूचा किनारा झाडते. गणपतीपासून पगार नाही, तरी रोज हजर! तिच्या चुलीची काळजी वाटली म्हणून तांदूळ नेले, तर तिने पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. "नको गो काकी. माझो पगार येतलो," एवढंच म्हणाली. मीच ओशाळले.

तेवढ्यात रापण ओढायला सुरुवात झाली... किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचं ते लांबलचक जाळं. लहानपणी हाकाटी ऐकली की आम्ही पोरी परकर खोचून धावायचो. दोरीला ज्याचा हात लागला, त्याचा वाटा ठरलेला!

बाबा सांगायचे, आधी जाळ्याचा वाटा बाजूला, मग माणसांचे. जाळं फाटलं तर उद्या खाणार काय? एवढं साधं गणित पालिकेत कुणाला सुचलं नाही वाटतं...

रापणीचा म्होरक्या पास्कू, माझ्याच वयाचा. शालूला बघून ओरडला, "गो, बघतंस काय? दोरीक हात लाव!"

"माझी ड्युटी आसा, मामा."

"तुझी नगरपालिका तरी आसा काय ड्युटीर?"

सगळे हसले... शालूसुद्धा. झाडू वाळूत रोवून तिने दोरी धरली. मग मीही पदर खोचला. गुडघे कुरकुरले, पण हातांना ती ओढ आठवत होती.

बांगडे बरे मिळाले. वाळूवर वाटे मांडले, आणि माझे तांदूळ नाकारणारी शालू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मामा, माझ्या वाट्याक बांगडे कमी कित्या?"

"घे गो बाये, नायतर माका कोर्टात खेचशीत!" म्हणत पास्कूने आणखी दोन टाकले.

ती भांडत होती आणि माझे डोळे भरून येत होते. भीक घेताना कुणी भांडतं का... भांडण हक्काच्याच घासासाठी असतं.

पगार कधी होईल देव जाणे. पास्कूने तिला मुद्दाम हाक मारली का, हे मी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात... फक्त मनात म्हणायचं, पास्कू, देव बरे करो रे!