इवाईबुवांचा खराखुरा पियानो

ज्याच्यावर उघड रागावता येत नाही असा माणूस देवाने एकच घडवला, तो म्हणजे व्याही. आणि ज्याच्यावर रागावल्याशिवाय राहवत नाही असाही एकच घडवला, तो म्हणजे माझा व्याही. आमच्या झाडीपट्टीत व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. आमच्या सावली तालुक्यात व्याहाड नावाचं गाव आहे. ज्याने ते नाव ठेवलं त्यालाही माझ्यासारखाच नमुना पदरी पडला असणार आणि तोंडावर बोलायची सोय नसल्यामुळे त्या बिचाऱ्याने गावाच्या नावात व्याह्याला ‘हाड’ म्हणून राग काढला असणार, असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी ते तपासायला जाऊ नये. तर माझ्या मुलीचे हे सासरे ब्रह्मपुरीला राहतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता माझा जावई चालवतो, आणि हे मागच्या खोलीत बसून पियानो बनवतात. बनवतात म्हणजे विजेवर चालणारा, पण ऐकणाऱ्याला आत तारा आहेत, हातोड्या आहेत, शंभर वर्षांचं लाकूड आहे असं वाटायला लावणारा. बाजारात विजेचे पियानो काय कमी आहेत? पण ते यांना चालत नाहीत. "वाजते सगळंच, इहीनबाई," असं म्हणतात, "पत्र्याचा डबाबी वाजते. सूर लाकडातून आला पायजे."

लाकडाचं हे वेड सोयरिकीच्या दिवसापासूनचं. मुलगी बघायला आले तेव्हा मी मुलीची आई म्हणून कडक इस्त्रीची साडी नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, जिल्हाधिकाऱ्याच्या थाटात दारात उभी होते. बरोबरचे सगळे आत गेले, हे मात्र चौकटीपाशी थांबले, बोटाच्या पेराने ती टकटक ठोकली, कान लावला आणि म्हणाले, "सागवान हाये, पण ओलं असतानी कापलं." मला वाटलं, हा माणूस स्थळ बघायला आलाय की घराचा लिलाव करायला? मग बसायचा पाट ठोकून झाला, तांब्या ठोकून झाला. जेवणाला मी मुद्दाम माझ्या आईचं काशाचं ताट काढलं होतं, चार लोकांत ऐट दिसावी म्हणून. त्यावर यांनी नख मारलं आणि डोळे मिटून घेतले. नेमक्या त्याच वेळी आमच्या मामांनी विचारलं, "मग भाऊ, पसंत हाये नं?" हे तंद्रीत म्हणाले, "आवाज लय गोड हाये. घरी न्यावं असं वाटते." मामांनी तिथल्या तिथे साखर वाटली. मुलीने त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. आजही मी लेकीला चिडवते, की बाई, तुझं लग्न एका ताटाशी ठरलं होतं, तू मागाहून गेलीस.

पण माझा खरा छळ सुरू झाला तो एका फोटोमुळे, आणि त्याला हे जबाबदार नाहीत, मी आहे. म्हणजे मी नव्हे, ती एकोणीस वर्षांची दीडशहाणी पोरगी. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळांना पाठवायला फोटो हवा म्हणून वडिलांनी मला चंद्रपूरच्या एका स्टुडिओत नेलं. फोटोवाल्याकडे तीन देखावे होते: चंद्रकोर, मोटार आणि पियानो. चंद्रकोरीवर मैत्रिणीचा फोटो होता, मोटारीत बसलेली मुलगी सासरच्यांना खर्चिक वाटेल अशी वडिलांना भीती, म्हणून पियानो. तो पियानो म्हणजे प्लायवुडची एक बाजू. पट्ट्या रंगवलेल्या, आणि रंगही ताजा. मी हनुवटी वर करून, मान तिरपी करून, दहाही बोटं त्यावर अशी पसरली की जणू आत्ताच विलायतेहून उतरले आहे आणि इथल्या लोकांना काही समजत नाही याचं मला दुःख होत आहे. फोटो निघाला आणि बोटं पांढरी झाली. ती मी परतीच्या बसमध्ये सबंध वेळ पदराखाली धरून बसले होते. त्या फोटोवर माझं लग्न जमलं. सासऱ्यांनी तर पियानो आत यावा म्हणून दार रुंद करायला सुतार बोलावला होता. मी आले ती एक ट्रंक घेऊन.

तो फोटो आमच्या बैठकीत टांगलेला आहे. इवाईबुवांनी तो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि मला दंडवत घालायचंच तेवढं बाकी ठेवलं. मी त्याच क्षणी सांगितलं, "भाऊ, तो प्लायवुडचा आहे जी. मी पियानो वाजवायचं सोडा, हातही खऱ्याला लावलेला नाही." ते हसले. "इहीनबाई, तुमचा हा विनय हाये," म्हणाले. "हात कसे ठेवले ते दिसून राह्यलं नं मले." मी देवाची शपथ घेतली, तो विनय ठरला. चिडले, तो कलावंताचा स्वभाव ठरला. तेव्हापासून ब्रह्मपुरीपासून सावलीपर्यंतच्या टापूत अस्सल पियानोचे कान असलेली एकमेव व्यक्ती म्हणून माझी नेमणूक झाली. ऐन स्वयंपाकाच्या वेळी फोन. "इहीनबाई, ऐका." पलीकडून एकच सूर, टंऽऽ. "लाकडाचा वाटते का डब्याचा?" वरण उतू जात असलं की मी म्हणायची लाकडाचा, आणि कंटाळा आला असला की डब्याचा. एकदा लेकीचा फोन आला, रडवेली झालेली. "आई, तू काल काय बोललीस त्याह्यले? महिन्याभराचं काम उसकटून बसले हायेत. जेवत नाहीत." मी काय बोलले होते? भेंडी करपत होती, एवढंच मला आठवत होतं.

बरं, हे सगळं करताना आपल्याला समजावून सांगतात. समजावून सांगणाऱ्या माणसाइतका ताप नाही. म्हणे खऱ्या पियानोत एक तार वाजली की बाकीच्या तारा हळूच गुणगुणतात. विजेच्या पियानोत प्रत्येक सूर एकटा येतो आणि एकटा जातो, म्हणून तो खोटा वाटतो. "एका घरी रडू आलं का शेजारच्या बाया डोळ्याले पदर लावतात का नाई? तसंच तारायचं हाये." दाखला मला पटला, पण पहिल्या प्रयत्नात यांनी शेजारणींना इतकी मोकळीक दिली की एक पट्टी दाबताच सगळा पियानो गळा काढून रडायला लागला. शेजारचे दोघं कोण गेलं म्हणून विचारायला आले. मग पट्ट्या हलक्या लागतात म्हणून प्रत्येकीला वजन हवं झालं. त्यासाठी वैनगंगेवर मासे धरणाऱ्या ढिवरांकडून जाळ्याचे शिशाचे मणी आणले, इतके की ढिवर विचारायला लागले, भाऊ कोणत्या डोहात जाळं टाकून राह्यले? मग पट्टी खाली आदळताना ठोका मऊ यावा म्हणून लोकर हवी झाली. आम्ही लग्नात आहेर केलेलं घोंगडं यांनी कात्रीने चौकोन चौकोन कापलं, आणि उरलेली चाळण मला दाखवून म्हणाले, "इहीनबाई, तुमचा आहेर कामी आला!" मी हसले. व्याह्यासमोर हसावं लागतं. घरी येऊन मी उशीला दोन गुद्दे मारले.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा वैताग होता तर फोन उचलायचा कशाला? त्याला कारण सिस्टरबाई.

ब्रह्मपुरीच्या बाहेर एक जुना मिशनचा दवाखाना आहे. तिथल्या एके काळच्या मेट्रन सिस्टरबाई मूळ सिरोंच्याकडच्या, रागावल्या की तेलुगूत जाणाऱ्या. निम्मा तालुका त्यांच्या हातांनी जन्माला आला. माझी मुलगी त्यांच्याच हातची आणि माझा जावईही, म्हणजे या सोयरिकीचं मूळ खरं तिथे आहे. माझ्या बाळंतपणात मी अशी बोंब ठोकली होती की मला वाटत होतं, जगात पहिलं मूल मलाच होतंय. सिस्टरबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "वरडायचंच हाये तं सुरात तरी वरड." दवाखान्याच्या प्रार्थनेच्या खोलीत एक खराखुरा पियानो होता, आणि दर रविवारी सिस्टरबाई तो वाजवायच्या. इवाईबुवा तरुणपणी तिथला लाऊडस्पीकर दुरुस्त करायला गेले, तो आवाज ऐकला, आणि त्यानंतर यांचा एकही रविवार चुकला नाही. आत बसायचे नाहीत. बाहेर सायकली लावतात तिथे उभे राहून ऐकायचे, आणि ऐकून घरी जायचे.

त्या पियानोला वाळवी लागली. बाहेरून चकचकीत, आतून भुगा. एका रविवारी सिस्टरबाईंनी हात ठेवला आणि एक बाजू खाली बसली. लोकांनी नागपूरहून विजेचा नवा कीबोर्ड आणून दिला. सिस्टरबाईंनी दोन सूर वाजवले, म्हणाल्या, "हा भोंगा हाये," आणि उठल्या. त्यानंतर त्या वाजवायला बसल्या नाहीत. पुढे पुढे प्रार्थनेलाही येईनात. आपल्या क्वार्टरमध्ये खिडकी लावून बसायच्या, जेवण अर्धं टाकायच्या, कोणी बोलावलं तर "काऊन येऊ? मी काय करू तिथी?" म्हणायच्या. बाईचं वय ऐंशीच्या पुढचं. असं माणूस खिडकी लावून बसलं की पुढे काय होतं ते आपल्याला माहीत असतं. इवाईबुवा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमाले लाकडाचा सूर पायजे नं? मी आणतो. तवरिक खिडकी उघडी ठेवा." आता अशा माणसाचा फोन भेंडी करपते म्हणून कापायचा तरी कसा?

शेवटी पियानो तयार झाला. एका पाडलेल्या राईस मिलच्या दाराचं सागवान वापरलं होतं, दिसायला तो पियानोपेक्षा धान्याच्या कणगीसारखा दिसत होता. टेम्पोतून नेला. रविवारी मला परीक्षक म्हणून खास गाडी पाठवून नेलं, आणि मी त्या फोटोतल्या पोरीला मनातल्या मनात शिव्या देत मागच्या बाकावर बसले. सिस्टरबाईंना दोघींनी धरून आणलं. त्यांनी एक पट्टी दाबली आणि सूर विरेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिल्या. "लाकूड हाये," म्हणाल्या. इवाईबुवांनी भिंत धरली. मग त्या बसल्या आणि वाजवायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला तोवर लाकूड आणि डबा यातला फरक कधी कळला नव्हता, त्या दिवशी कळला. खोलीच्या भिंतीही जवळ सरकून ऐकताहेत असं वाटलं.

आणि मधेच त्या थांबल्या.

"हा काऊन वाजला?"

"कोणता, बाई?" इवाईबुवा पुढे धावले.

"ही मधली काळी पट्टी. ही वाजत नसते."

आम्हाला काही उमगेना. मग सिस्टरबाईंनी सांगितलं. त्या नर्स म्हणून लागल्या तेव्हापासूनच जुन्या पियानोची ती एक पट्टी मुकी होती. दुरुस्त करणारा मिळाला नाही. म्हणून गाण्यात तो सूर आला की त्या स्वतः मोठ्याने गायच्या, आणि त्यांच्यामागे सगळे गायचे. "तिथी लोकं गात होते. हा तं सगळं एकटाच गाऊन राह्यला. मंग मी कायले पायजे?"

इवाईबुवांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि आयुष्यात प्रथमच मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. "पण बाई, मी इतके वर्सं ऐकलं," ते म्हणाले. "तो सूर मले ऐकू येत होता."

"येतच होता," सिस्टरबाई म्हणाल्या. "तारेतून नोता येत."

त्यांनी झाकण लावलं, काठी मागितली. त्या उठल्या असत्या तर पुन्हा बसल्या नसत्या, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. इवाईबुवांनी खिशातून पेचकस काढला आणि त्या कणगीसमोर फतकल मारली. "पाच मिनिटं बसा, बाई," म्हणाले. मागचं लाकूड उघडलं, आत मुंडकं घातलं, वायर शोधली आणि कट्‌कन तोडली. या माणसाने वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लं, घोंगडं कापलं, ढिवरांची जाळी हलकी केली, आणि सगळं जुळून आल्यावर शेवटी काय केलं, तर एक पट्टी बिघडवली! बाहेर निघाले तेव्हा केसांत सागवानाचा भुसा होता. "आता पाहा," म्हणाले.

सिस्टरबाईंनी ती पट्टी दाबली. नुसता ठोका आला, टक. त्या हसल्या, मला वाटतं वाळवी लागल्यापासून पहिल्यांदा. मग गाणं सुरुवातीपासून धरलं, त्या जागी आल्या, तोंड उघडलं, आणि सगळी खोली गायली.

त्यालाही आता दिवस झाले. सिस्टरबाईंच्या क्वार्टरची खिडकी उघडी असते. मी जमेल तेव्हा रविवारी जाते. भक्तीसाठी जाते असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. पेशंट आता गडचिरोलीच्या, चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यांत जातात, इथले वॉर्ड रिकामे होत चाललेत, तशी ती खोलीही. गेल्या रविवारी आम्ही बोटांवर मोजण्याइतके होतो. पावसाळी हवा, सिस्टरबाईंना दम लागत होता. मुक्या पट्टीच्या जागी आल्या आणि त्यांचा आवाज फुटलाच नाही. आम्ही त्यांच्या भरवशावर राहिलो आणि कोणीच गायलं नाही. नुसतं टक झालं, आणि गाणं पुढे गेलं. तेव्हा मागच्या भिंतीपाशी उभे असलेले इवाईबुवा गायले. सूर निघून गेल्यावर गायले, आणि इतके बेसूर की माझ्या शेजारची बाई दचकली. डास कोणत्या सुरात गुणगुणतो तेही ओळखेल अशा या माणसाचा गळा असा असेल, हे मला ठाऊकच नव्हतं. सिस्टरबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पण पुढच्या कडव्यात त्या जागी आल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि तसेच धरून ठेवले, इवाईबुवांना सूर सापडेपर्यंत.