दादाला कधी उतरवायचं

सानपाड्यात आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दुधाची डेअरी आहे. डेअरीसमोर सिमेंटचे दोन बाक आहेत. संध्याकाळी तिथे माणसं बसली की ती आमच्या ओट्यापाशीच बोलताहेत असं वाटतं. मी पहिल्यापासून कमी बोलणारी. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे बिल्डिंगमधल्या मुलांत मी बाजूलाच असायचे. शाळेतल्या मुलींना पप्पा मार्केटमध्ये गोण्या उचलतात हे सांगायचं नसायचं, म्हणून तिथेही बाजूलाच. ऐकायची सवय मात्र चांगली लागली. दादाच्या कॉलेजच्या शेवटून दुसऱ्या वर्षी मी भाजी चिरता चिरता त्या बाकांवर रोज एकच वाद ऐकला. दादाला मैदानात कधी उतरवायचं?

दादा कॉलेजच्या कबड्डी संघाचा पहिल्या नंबरचा चढाईपटू होता. समोरच्या अंगणात एकट्याने जाऊन सात जणांत कुणालातरी शिवून परत यायचं, हे त्याचं काम. डावीकडून जायचा आणि कोपऱ्यातल्या खेळाडूला असं काही खेळवायचा की बघणाऱ्यालाही तो कधी शिवला ते कळायचं नाही. साताऱ्याकडून येऊन मार्केटला लागलेली आमच्या बिल्डिंगमधली माणसं त्या कॉलेजच्या गेटच्या आतही कधी गेली नव्हती, पण ते त्यांच्यासाठी 'आपलं कॉलेज' झालं होतं. मॅच असली की टेम्पो भरून जायचे. पप्पांच्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती. दादाची राज्याच्या संघात निवड झाली असती तर खेळाडूंच्या कोट्यातून त्याला नोकरी लागली असती. घरात हे कुणी फारसं बोलून दाखवत नसे. पण दादाच्या ताटात अंडी वेगळी असायची, आणि ती का असतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी सरावात त्याचा उजवा गुडघा मुरगळला. सूज उतरेना, म्हणून पप्पा त्याला दवाखान्यात घेऊन गेले आणि मलाही बरोबर घेतलं, कारण डॉक्टर इंग्रजीत बोलतात. डॉक्टर खरंच माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी पप्पांना शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, "गुडघ्याच्या आत एक दोरीसारखं असतं, ते अर्धं तुटलंय. आराम केला तर जुळेल. या वर्षी खेळला तर पूर्ण तुटेल, मग ऑपरेशन."

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "अर्धं शाबूत हाय ना अजून."

ते निष्काळजी होते असं नाही. मार्केटात त्यांची टोळी असते, दहा-बारा जणांची. एखाद्याची कंबर धरली, पाय सुजला, तरी तो येतो. गोणीला नुसता हात लावतो, वजन बाकीचे घेतात, आणि संध्याकाळी वाटा सगळ्यांना सारखाच. पण यायचं. घरी बसलेल्या माणसाला टोळी काही बोलत नाही, फक्त हळूहळू त्याच्यावाचून काम करायला शिकते. पप्पांनी स्वतःचे दोन्ही गुडघे याच हिशेबाने वापरले होते.

दादाच्या कॉलेजचे सर मात्र घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "या वर्षी तो फक्त ड्रेस घालून बाकावर बसेल. समोरच्यांना वाटत राहू दे, की हा आता येईल. तेवढंच आम्हाला पुरे. पुढच्या वर्षी निवड चाचणी आहे, तिथे मला तो पूर्ण पाहिजे."

"बरं सर," पप्पा म्हणाले.

दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. 

खाली बाकावर ही बातमी गेली आणि वाद पेटला. एका बाजूला पप्पांच्या टोळीचे मुकादम काका. दुसऱ्या बाजूला डेअरीवाले, इथल्याच खाडीकाठच्या जुन्या गावचे. पप्पा मध्ये, बाकाच्या टोकाला.

"पैली चढाई त्याचीच पायजे," मुकादम काका म्हणायचे. "समोरच्याला आधी भ्या दावायचं, मग खेळायचं. ह्यो सर उलटंच करतोय. हुकमाचं पान बाकावर."

"सर काय येडा हाय?" डेअरीवाले आतून कॅन घासत म्हणायचे. "पोराचा पाय गेलाय म्हनून बसवलाय. पुढच्या वर्षी नाय लागनार काय तो?"

"पुढल्या वर्षी! तुमी वरीसभर डेअरी बंद ठिवा, मग बघू पुढल्या वर्षी कोन दूध न्यायला येतंय."

सगळे हसायचे. मग सरांच्या डावपेचांवर यायचे. दादा नसल्यामुळे सरांनी सावध खेळ सुरू केला होता. मुलं चढाईला जायची, कुणाला न शिवता परत यायची. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. सरांचा भर समोरच्याला अशा तिसऱ्या चढाईत पकडण्यावर होता. संघ त्याच खेळावर जिंकत होता, पण बाकावर कुणाला ते जिंकणं गोड लागत नव्हतं.

"नुसतं जायचं आन् हात जोडून परत यायचं," मुकादम काका म्हणाले. "कबड्डी हाय का देवदर्शन?"

पप्पा हसले नाहीत. कुणीतरी म्हणालं, "तुझ्या पोराचं चाललंय आन् तूच गप."

"सर हायेत ना," पप्पा म्हणाले.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात मुकादम काकांनी आवाज खाली आणला. ते ओरडायचे तेव्हा मी चिरत राहायचे, पण त्या दिवशी सुरी थांबली. ते म्हणाले, "हे बघ, पोरगं चांगल्या कपड्यात बाकावर बसतंय, बाकीची पोरं अंग सोलून घेत्यात. जिंकलं तर कप सगळ्यांचा. टोळीत असा बसून वाटा घेतल्याला तुला चालंल का?"

 डेअरीवाले म्हणाले, "हे आपलं मार्केट नाय, मुकादम." पण तेही हळूच म्हणाले.

त्या दिवशी जेवताना पप्पा दादाला म्हणाले, "वाकवून दाखव."

दादाने गुडघा वाकवला.

"दुखतंय?"

"थोडं."

"थोडं मलाबी दुखतंय," पप्पा म्हणाले आणि भात कालवायला लागले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पप्पा, डॉक्टर नाही म्हणालेत." पप्पा म्हणाले, "मी कुठं खेळ म्हणलो?" आणि ते खरंच तसं म्हणाले नव्हते.

सामना कॉलेजच्या हॉलमध्ये होता, मॅटवर. मी वरच्या गॅलरीत, मुलींच्या बाजूला मागे बसले होते. समोरच्या कडेला आमच्या बिल्डिंगची माणसं उभी, पप्पा त्यांच्यात, मार्केटच्याच कपड्यांवर. दादा बाकावर, गुडघ्याला निळा पट्टा, वर ट्रॅकसूट. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आपण दोन गुणांनी मागे होतो आणि आपल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. तिसरीला कुणीतरी जाऊन गुण आणायलाच हवे होते. सरांनी टाइम-आउट घेतला. समोरून दादाच्या जर्सीचा नंबर ओरडायला सुरुवात झाली. मुकादम काका टाळीवर टाळी वाजवत होते. सरांनी तिकडे पाहिलंच नाही. ते दुसऱ्याच मुलाच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगत होते.

दादा मात्र समोर बघत होता. पप्पा ओरडत नव्हते. ते नुसते उभे होते आणि त्यांनी एकदा मान हलवली. मला ते स्पष्ट दिसलं. कशासाठी हलवली ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

दादाने ट्रॅकसूट काढला आणि सरांसमोर जाऊन उभा राहिला. सर 'नाही' म्हणताहेत हे लांबूनही कळत होतं. दादा काहीतरी बोलत राहिला. शेवटी सरांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, खाली पाहिलं आणि बाजूला झाले.

ती चढाई फार वेळ चालली नाही. तो डावीकडे गेला, कोपऱ्यातल्या मुलाला शिवला आणि वळला. तेवढ्यात दुसऱ्याने त्याचा उजवा घोटा धरला आणि तिसरा अंगावर पडला. तो त्या दोघांना ओढत मधल्या रेषेकडे सरकला. पाय मागे अडकला होता आणि सगळं अंग पुढे जात होतं. बोटं रेषेला लागली. तीन गुण. शिटी झाली तेव्हा आपण एका गुणाने पुढे होतो, आणि शेवटची शिटी होईपर्यंत तसेच राहिलो.

दादाला मुलांनी आधीच ओढून बाजूला आणलं होतं. सामना संपताच बिल्डिंगची माणसं मॅटवर धावली आणि त्यांनी त्याला उचललं. उचलायची सवय असलेली माणसं. एका दमात तो त्यांच्या खांद्यांवर गेला. उजवा पाय मुकादम काकांच्या छातीवर लोंबत होता आणि प्रत्येक उडीबरोबर हलत होता. दादा त्यांच्या डोक्यावर मुठीने मारत होता. त्यांना तो आनंद वाटला. हॉलमध्ये इतका आवाज होता की त्याचं ओरडणंही आनंदाचंच वाटलं असेल. सर गर्दीत घुसून एकेकाला बाजूला सारत म्हणत होते, "खाली ठेवा त्याला. खाली ठेवा." मी जागची उठले, पण जिना कुठे आहे तेच मला सापडेना.

ऑपरेशन झालं. या वेळी डॉक्टर दादाशी थेट मराठीत बोलले. चालशील, काम करशील, जिना चढशील. कबड्डी नाही. पुढच्या वर्षीची निवड चाचणी आली आणि गेली. सर एकदा घरी येऊन गेले. ते बसले होते तितका वेळ पप्पा उभेच होते. दोघांनीही त्या सामन्याचं नाव काढलं नाही. कॉलेज संपल्यावर दादा रबाळ्याला एका गोदामात लागला. उंच स्टुलावर बसून पार्सलं स्कॅनिंगच्या मशीनखालून काढतो.

बाकावर मात्र ती चढाई बरेच दिवस चालली. मुकादम काका म्हणायचे, "एकच टाकली, पण काय टाकली." मग वाद व्हायचा. सरांनी त्याला आधी उतरवलं असतं, तर एवढं ताणायची वेळच आली नसती, असं एकाचं म्हणणं. शेवटालाच उतरवलं तेच बरोबर, असं दुसऱ्याचं. उतरवायलाच नको होतं, हे कुणीच म्हणत नसे. डेअरीवालेही नाही. ते कॅन घासत राहायचे.

पप्पा त्यानंतर बाकावर बसले नाहीत. मार्केटमधून आले की सरळ वर येतात आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवून बातम्या बघतात.

या वर्षी कॉलेजला नवा चढाईपटू आला आहे, तुर्भ्याचा. त्याचा खांदा दुखावला आहे आणि सर त्याला अर्धा सामना बाहेर ठेवतात. गेल्या रविवारी मुकादम काकांनी खालून हाक मारली. "ये रं खाली. तुझ्याशिवाय न्याय न्हाय होत ह्याचा."

दादा कठड्याला धरून खाली गेला. पाय लांब करून बाकावर बसला. मी खिडकीत होते. पप्पाही, बातम्या सोडून, माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"सांग आता," मुकादम काका म्हणाले. "पोराला पैल्यापासनं उतरवायचं का न्हाय?"

"बसू दे त्याला," दादा म्हणाला.

"तू सरासारखं बोलाया लागलास."

दादाने लांब केलेला पाय हाताने थोडा सरकवला.

"तू बसला असतास का?" मुकादम काकांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," दादा म्हणाला.

 मग एकाने विचारलं की त्या पोराचा डावा पाय कच्चा आहे का. दादा सांगू लागला, की पाय कच्चा नाही, वळताना तो खांदा वाचवतो, म्हणून तसं दिसतं. हात पुढे करून त्याने ते दाखवलंही. ऑपरेशननंतर तो घरात कधी इतका वेळ बोललेला मला आठवत नाही. पप्पा शेवटपर्यंत तिथेच उभे होते. आईने जेवायला हाक मारली, तरी हलले नाहीत.