नववी विहीर

दादाला अग्नी देऊन आम्ही परतलो त्या दिवशीचा चहा मी केला, आणि मीच तो बिघडवला. दुःखाच्या घरात चूल पेटवायची नसते, शेजारून येईल ते खायचं, पण चहाला हा नियम कुणी लावत नाही. वहिनी माजघरात बायकांच्या गराड्यात होत्या. माझ्यासारख्या निरुपयोगी माणसाला अशा वेळी हातात काहीतरी काम लागतं, म्हणून मी स्वयंपाकघरात घुसलो. माठ रिकामा होता. मागच्या विहिरीवरून बादलीभर पाणी काढलं, उकळलं, साखर घातली. दूध ओतल्याबरोबर ते फाटलं. मी हुशारी करून सगळं दोनदा गाळलं आणि कप बाहेर नेले. माणसांनी एकेक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवले. शेवटी दादाचा धाकटा भाऊ म्हणाला, "भावोजी, साखर समजून मीठ घातलंत की हो!" यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला, कारण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत याच घरात मी तांदळाची पिठी समजून रांगोळीचा डबा काढून दिला होता आणि सासूबाईंनी ती चिरोट्यांना लावेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या सुतकी ओसरीवर क्षणभर हसू पसरलं. मीही कान पकडले. फक्त कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, दादाच्या सख्ख्या बहिणीने, तो चहा तळ दिसेपर्यंत प्यायला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने चारचौघांत आपली लाज राखली, या विचाराने मी दुःखाच्या घरात मनातून सुखावलो. असा मी.

आदल्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला होता. "भावोजी, हे विहिरीवर गेले ते तिथेच बसलेत. दोर हातात आहे. हाक मारली तरी ओ देत नाहीत..." आम्ही नालासोपाऱ्याहून रिक्षाने कळंबच्या बाजूच्या त्या वाडीत पोचलो तेव्हाही तो तसाच बसलेला होता, कठड्याला टेकून, मान किंचित विहिरीकडे कलती. खालून काहीतरी ऐकू येतंय आणि ते नीट ऐकून घ्यावं, तसा. दोराच्या टोकाची बाटली अजून पाण्यातच होती. अमावास्या होती. डॉक्टर म्हणाले हृदय. त्यांचं बरोबरच असेल.

यशवंतदादा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक होता. जन्मभर पोरांच्या परीक्षानळ्या धुतल्या, आणि निवृत्त झाल्यावर घरची वाडी बघू लागला. केळी, मोगरा, थोडा पानमळा, मध्ये एक बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं लहान तळं, आणि घरामागे ही विहीर. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा एक दिवस सरकारी जीप आली. त्यातून उतरलेल्या मॅडम संशोधक होत्या. हवामान बदलतंय, समुद्र चढतोय, पाऊस पूर्वीसारखा नेमाने पडत नाही, त्याचा किनाऱ्यावरच्या गोड्या पाण्यावर काय परिणाम होतो ते मोजायचा सरकारने खर्च उचललेला प्रकल्प होता. त्यांना दर वेळी मुंबईहून येणं शक्य नव्हतं. महिन्यातून एकदा मोजणी करणारा, आकड्याशी प्रामाणिक असा गावातला माणूस हवा होता. खाडीपासून आत येत येत त्यांनी एका ओळीत नऊ विहिरी निवडल्या. पहिली खाडीलगतची, नववी दादाच्या घरामागची. दादाला पाण्यातला खार मोजायचं एक पिवळं यंत्र मिळालं, दोराची बाटली मिळाली, आणि एक वही. अक्षर मात्र त्याचं असं होतं, की त्याने लिहिलेलं औषधाच्या दुकानदारालाही लागलं नसतं. माझं अक्षर बरं. ऑफिसात बावीस वर्षं मी दुसऱ्यांचेच मसुदे सुवाच्य करत आलो. म्हणून दर महिन्याचा तक्ता वहीवरून उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. दादा एकेका आकड्यावर बोट ठेवून तपासायचा, मग सही करायचा, मग तक्ता पोस्टाने जायचा.

मोजणी अमावास्येला, भर दुपारी. त्या वेळी मोठी भरती टिपेला असते. सुरुवातीला मी हौसेने त्याच्याबरोबर जायचो. वाडीत चिटपाखरू नसायचं, केळीची पानंसुद्धा हलायची नाहीत. दादा कठड्यावरून वाकायचा आणि मला गप्प राहायची खूण करायचा. "ऐका भावोजी... ही श्वास घेते." मी वाकून बघायचो. बाहेर वारा नाही, कुणी पोहरा टाकलेला नाही, आणि आत पाणी चार बोटं वर यायचं, खालून बुडबुडे फुटायचे. एवढ्या लांबचा समुद्र जमिनीखालून येऊन आपल्या पायाखाली उभा आहे, हे समजल्यावर मी चपलेतले पाय उगाच उचलून पुन्हा ठेवायचो. यंत्र बघून झालं की दादा थेंबभर पाणी जिभेवर ठेवायचा आणि दारात पाहुणा आल्यासारखं सांगायचा, "आला." म्हणजे खार आला. पहिल्या वर्षात पहिल्या दोन विहिरींत आला, मग तिसरीत. एकही विहीर त्याने वगळली नाही. ओळीने, शिस्तीत, एकेक घर घेत तो आमच्या दिशेला येत होता.

लोकांच्या मात्र डोक्यात वेगळंच बसलं. यशवंताने बाटली टाकली की विहीर खारवते. दुपारी तो पिवळी पेटी घेऊन दिसला, की बायका विहिरींवर पत्रे ओढायच्या. सातव्या विहिरीच्या मालकीणबाई नातालीनमावशी, त्याच्याबरोबर लहानपणी चिंचा पाडलेली बाई, एकदा कठड्यावर आडवे हात पसरून बसली.

"यशवंता, तुझी ती बाटली माझ्या बावीत टाकू नको रे."

"मावशी, मी फक्त मोजतो."

"मग मोजू नको! तू मोजतोस म्हनून ते येतं. माझं पानी गोड हाय. लिही तुझ्या वहीत, गोड हाय."

"बघितल्याशिवाय कसं लिहू?"

"भानगडच हाय तुझी. माझ्या मयताला तरी गोड पानी ठेव."

तिने हात काढले, ते रडत. दादाने बाटली टाकली, आकडा लिहिला, आणि जिभेवर थेंब ठेवला, पण "आला" काही म्हटलं नाही. परतताना म्हणाला, "खोटं लिहिलं असतं तर ती आज हसली असती, भावोजी." मी विचारलं, मग का नाही लिहिलंस? तर म्हणे, "मग पुढच्या विहिरीला तो कुठून आला ते कसं सांगणार?" त्यानंतर मी मोजणीला जायचं सोडलं. कारण विचारलं तर ऊन बाधतं म्हणायचो. खरं कारण, मला त्या विहिरीत वाकायची भीती वाटू लागली होती.

इथे मला माझी दुसरी चूक सांगायला हवी. चहापेक्षा मोठी. नवव्या विहिरीचा आकडा कधी बदलायचाच नाही. वर्षानुवर्षं तोच. तेव्हा मी कोरे तक्ते एकदम आखून ठेवायचो आणि नववा रकाना आधीच भरून टाकायचो. तेवढीच मेहनत वाचली. घरातल्या घरात तिकडे धाकट्या भावाचं टुमणं चालू होतं, की वाडी बिल्डरला देऊन टाकू, आता शेतीत काय राहिलंय. एका गणपतीत सगळ्यांसमक्ष ठरलं, की विहीर गोड आहे तोवर वाडीचा विषय काढायचा नाही. ती ज्या दिवशी खारवेल त्या दिवशी दादा स्वतः सही करील. त्यानंतर धाकटा भाऊ आला की दादा तक्त्याची प्रत पुढे ठेवायचा. माझ्या सुवाच्य अक्षरात, नववा रकाना, गोड. पानमळा पिवळा पडला तेव्हा दादा म्हणाला, कीड. वहिनी प्यायचं पाणी रस्त्यावरच्या नळावरून आणू लागल्या तेव्हा म्हणाल्या, नळाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते. आम्ही दोघांचंही ऐकून घेतलं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला दादाच्या खोलीत बोलावलं. मॅडमचं पत्र आलं होतं, प्रकल्प संपतोय, मूळ वही पाठवा. टेबलावर पिवळी पेटी, बाजूला वही. मी सवयीने नवा तक्ता आखायला घेतला आणि पहिल्यांदाच नववा रकाना वहीशी ताडून बघितला. चौदा महिने आकडा चढत होता. दादाने प्रत्येक महिन्याचा खरा आकडा वहीत लिहिला होता, एकही न चुकवता. मी चौदा महिने जुनाच आकडा पाठवत होतो. आणि प्रत्येक तक्त्यावर, बोट ठेवून तपासल्यावर, दादाची सही होती.

जो माणूस मावशीच्या विहिरीला एक आकडा खोटा लिहायला तयार नव्हता, त्याने स्वतः खोटं लिहिलं नाहीच. माझं खोटं त्याच्या बोटाखाली आलं, चौदा वेळा, आणि चौदा वेळा त्याने ते बोट पुढे सरकवलं.

दादाची आणखी एक सवय होती. पुढच्या महिन्याचा अंदाज तो आधी पेन्सिलीने लिहायचा आणि मोजणी झाली की त्यावर शाई फिरवायचा. तो गेला त्या अमावास्येचा आकडा पेन्सिलीतच राहिला होता. त्याखाली पुढच्या अमावास्येचा, त्याखाली त्यापुढचा... पानंच्या पानं. पुढची अमावास्या आली तेव्हा मी एकटा दुपारी विहिरीवर गेलो. बाटली सोडली. पाणी चार बोटं वर आलं. यंत्राचा काटा डुगडुगला आणि दादाच्या पेन्सिलीच्या आकड्यावर येऊन थांबला. मी पेटी हलवली, बाटली पुन्हा भरली, पुन्हा बघितलं. तोच. शास्त्राने बघितलं तर यात काही नाही, इतकी वर्षं मोजणाऱ्याला चाल कळणारच. पण मी त्यावर शाई फिरवली नाही. मी वहीचं पान उलटलं. विहिरी नऊवर संपायला हव्या होत्या. त्याने दहावा रकाना आखला होता. दहावी, मधला रस्ता. अकरावी, शाळा. बारावीसमोर लिहिलं होतं, "भावोजींच्या सोसायटीची बोअर". खाली पेन्सिलीने आकडे सुरू झाले होते, आणि वर्षाची जागा मोकळी होती.

मागे वाळलेली केळीची पानं वाजली. वहिनी होत्या. "तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. त्या वहीकडे बघत म्हणाल्या, "हे म्हणायचे, भावोजींचं अक्षर चांगलं आहे." मग वही मिटत, "खरं लिहिलंत तरी चांगलंच दिसेल."

त्या रात्री मी मॅडमना पत्र लिहिलं. चौदा महिन्यांचा नववा रकाना चुकीचा आहे, चूक तक्ता उतरवणाऱ्याची आहे, मूळ वही सोबत आहे. सहीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पाकीट चिकटवण्याआधी कुंदाला सगळं वाचून दाखवलं. वही गेली की धाकट्या भावापासून काही लपणार नव्हतं, आणि वाडी गेली तर तिचं माहेर जाणार होतं. तिला विचारल्याशिवाय मी पाकिटाला हात लावला नसता. वही तिच्या मांडीवर होती आणि ती दादाच्या पेन्सिलीच्या ओळीवरून बोट फिरवत होती, अगदी त्याच्यासारखं.

"पाठवा," ती म्हणाली. मी उठून दारापर्यंत गेलो तेव्हा तिने पुन्हा हाक मारली. "आणि त्या दिवसाचा चहा मी तुमची लाज राखायला प्यायले, असं समजून हिंडू नका. पहिल्याच घोटाला मला कळलं होतं. माहेरच्या विहिरीचं पाणी होतं ते... टाकणार कसं?"