दहा जणांच्या रक्तातलं फॅट

२०२४ साल. मला बहात्तरावं लागलेलं. सकाळचे साडेसहा वाजलेले, दूध संस्थेच्या ओट्यावर किटल्या घेऊन रांग उभी, आणि मी कोंडाबाईचं बोट धरून बसलेलो.

"टोच की तात्या," ती म्हणाली. "हात धरून बसलाय, लगीन लावायचं हाय का?"

रांग हसली. मी टोचलं. थेंब पट्टीवर सोडला. तीन मिनिटांनी मशीनच्या काचेवर चार ओळी उमटल्या. तिसऱ्या ओळीत आकडाच नव्हता, आकड्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं होती.

"मापाच्या वर," मी मोठ्यानं सांगितलं आणि वहीत लिहिलं.

"म्हंजे?"

"म्हंजे तुज्या रक्तात फॅट एवढं, की मशीनला मोजता येईना."

रांग हसायची थांबली. कारण कोंडाबाईच्या आधीच्या चौघांचंही तेच आलं होतं.

आता मी कोण, ते सांगतो. मी या संस्थेचा फॅटवाला. शिक्षण चौथी, पण दुधातलं फॅट काढण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, म्हणून फॅटवाल्याचा शब्द गावात तलाठ्याच्या वर चालतो. पूर्वी हे काम काचेच्या नळीवर होतं. नळीत आधी ॲसिड, मग मापानं दूध, मग थोडं अल्कोहोल. बूच लावायचं आणि चक्रात घालून फिरवायचं. ॲसिड दुधातलं बाकी सगळं खाऊन टाकतं, फॅट तेवढं वर येतं, पिवळं धमक. ते मोजायचं. पुढं मशीन आलं, कप खाली धरला की आकडा. मला रिटायर केलं, पण मी सकाळी ओट्यावर यायचा थांबलो नाही. मशीनला समोर माणूस लागतो.

तर रक्ताचं हे मशीन चेअरमनच्या जावयांनी आणलं. जावई पुण्यात मेडिकलच्या लाइनीत आहेत. घरच्या घरी कोलेस्टेरॉल बघायचं यंत्र, मोबाईलपेक्षा थोडं जाड. चेअरमन म्हणाले, "तात्या, सभासदांची तपासणी करू. फॅटचंच काम हाय, तुमीच करा." मला ते पटलं. जावईबापू व्हिडिओ कॉलवर आले. तिसरी ओळ ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तात तरंगणारं तूपच समजा, असं त्यांनी सांगितलं. रिकाम्या पोटी घ्या, सुई एकाला एकच, म्हणाले. पुढं बोट टोचायच्या आधी काय करायचं ते सांगायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "जावईबापू, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी सँपल घेतोय," आणि फोन चेअरमनच्या हातात दिला.

डबीत पंधरा पट्ट्या होत्या. त्या सकाळी अकरा वापरल्या. बोट खांद्यावरच्या फडक्यानं पुसायचं, टोचायचं, थेंब सोडायचा. पुसणं मी एकाचंही चुकवलं नाही. अकरातल्या दहा जणांचं मापाच्या वर आलं. फक्त रिटायर गुरुजींचा आकडा आला, एकशे बारा. ते अर्धा लिटर दूध न्यायला आले होते. त्यांनी माझं फडकं दोन बोटांनी बाजूला केलं, खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि बोट स्वतःच पुसलं. मी मनात म्हणालो, पेन्शनवाल्याला काय धाड भरलीय.

चेअरमन डोकं खाजवत म्हणाले, "तात्या, अकरातले धा? एकदा परत घ्या की."

"चेअरमन, तुमी चड्डीत हुता तवापासून मी रीडिंग घेतोय. परत घेतलं न्हाई कवा."

"पर धा जन..."

"म्हशीचं गाव हाय. लोकं साय खात्यात. रक्तात काय ताक निघंल?"

दुपारपर्यंत गावाची कळा गेली. हॉटेलात लोक कोरा चहा मागायला लागले. भज्यांची कढई पालथी पडली. पहिलवान म्हणून मिरवणारे एक गृहस्थ घोंगडी घेऊन निजले आणि बायकोला म्हणाले, मुंबईच्या पोराला बोलवून घे. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, नाही वाटलं. लोक मला रस्त्यात थांबवून विचारत होते, "तात्या, आता काय खावं?" एवढा मान चेअरमनलाही नव्हता.

तीन वाजता कोंडाबाईचा नवनाथ आला. तो एमआयडीसीत कामाला आहे, पोरगा सरळ. त्याचा बाप दूध घालायला येतानाच छातीत कळ येऊन गेला, आमच्या ओट्याच्या पायरीवर. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं.

"तात्या, आईचं रीडिंग कागदावर लिहून द्या."

"कशाला रं?"

"ती आयकत न्हाई. मी तीन साल झालं म्हनतोय म्हशी विक. म्हशी हायेत तवर तिचं दूध-तूप सुटत न्हाई, पहाटंचं उठनं सुटत न्हाई. उद्या शुक्रवार, घोडेगावचा बाजार. टेम्पो सांगितलाय. तुमच्या हातचा कागद दावला तर आयकंल."

मी लिहून दिलं. तारीख घातली, सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

दिवस कलताना कोंडाबाईच्या गोठ्यावरून गेलो. ती म्हशींना पाणी पाजत होती. तीन म्हशी, तिन्ही तिनंच वाढवलेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आलास? मालकाच्या मातीला आल्तास, आता म्हशींच्या बी ये."

"तुज्या जिवासाठीच हाय ना, कोंडाबाई."

"सकाळपास्नं पान्याचा घोट गेला न्हाई पोटात. खायाचंच भ्या वाटतंय. असल्या जिवाचं काय करू?" मग बादली खाली ठेवली. "ह्या गेल्या की मी पहाटं उठून काय करू, ते बी लिवून दे तुज्या कागदावर."

मी जायला वळलो, तर मागून म्हणाली, "तुजं सोताचं किती आलं रं?"

"माजं कशाला?"

"का? तुज्या अंगात रगत न्हाई?"

हे लागलं. घरी आलो, मशीन काढलं. पट्ट्या चार उरलेल्या. खांद्यावरच्या फडक्यानं बोट खसाखसा पुसलं, टोचलं. तीन मिनिटं. मापाच्या वर.

आमची सुभद्रा भांडी घासता घासता बघत होती. "काय आलं?"

"मापाच्या वर."

ती खो खो हसायला लागली. "अवो, तुमास्नी दूध घशाखाली उतरंना म्हनून तीस साल कोरा च्या पिता. तूप ताटात दिसलं तर ताट सारता. तुमच्या रक्तात फॅट आलं कुठनं, संस्थेतनं चोरलं व्हय?"

चाळीस वर्षं फॅट काढलं त्या माणसाला घरात असं ऐकावं लागलं. पण तिचं म्हणणं खरं होतं. दुधात काम करून करून मला दूध नको झालेलं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. फॅटवाला नीट काम करतो का, हे बघायला वरचा सुपरवायझर एकच दूध दोन बाटल्यांत भरतो आणि दोन नावांनी पाठवतो. आकडे वेगळे आले तर दूध दोषी नाही, तपासणारा दोषी. मला असं तीनदा तपासलं, तिन्ही वेळा दोन्ही बाटल्यांचा आकडा एकच. आता माझ्यासमोर दोन बाटल्या कुठल्या होत्या? एक मी, एक सुभद्रा. एकाच चुलीवरचं खाणारी दोघं.

"इकडं ये. बोट दे."

ती भांडी घासून उठली होती, हात पदराला पुसतच आली. मी फडकं पुढं केलं, तर हात मागं घेतला.

"ते माज्या बोटाला लावू नका हां! कसला आंबूस वास येतोय. दूध पुसपुसून कडक झालंय ते. मी धुवाया मागते तर देत न्हाई, खांद्याला चिकटलंय जसं काय."

"मंग तसंच दे."

तसंच टोचलं. तीन मिनिटांनी आकडा आला. एकशे एकतीस.

मी फडक्याकडं बघितलं. रोज सकाळी शंभर-सव्वाशे सँपलच्या बाटल्या मी त्यानं पुसतो. सांडलेलं दूधही त्यानंच. म्हणजे मी दहा माणसांच्या बोटांना आधी म्हशीचं दूध चोळलं आणि मग त्यांच्या रक्तात फॅट निघालं म्हणून गावभर सांगितलं. मशीननं बिचाऱ्यानं फॅट बरोबर मोजलं होतं. फॅट म्हशीचं होतं, एवढंच.

गुरुजींचा रुमाल तेव्हा आठवला. इस्त्रीचा.

खात्री करायची राहिली होती. मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, दोनदा. सुभद्रा म्हणाली, "सणाला बी येवढं धूत न्हाई." माझा आकडा आला, एकशे चोपन्न. आता पट्टी एकच उरली.

पट्टी, सुई, मशीन पिशवीत घातलं. साबणाची वडी घेतली. वाटेत तीनदा वाटलं, मागं फिरावं. सोमवारी चेअरमनला हळूच सांगू, मशीन बिघडलं होतं म्हणून. कोण विचारणार होतं? पण टेम्पो सकाळी सहाला येणार होता, आणि कागदावर सही माझी होती.

नवनाथ अंगणात म्हशींच्या गळ्यातली दावी बदलत होता. कोंडाबाई उंबऱ्यावर बसलेली.

मी म्हणालो, "हात धू."

"का? जेवाया घालतोस?"

"धू म्हनतोय ना. साबन लाव. बोटांच्या मधी बी."

"येडा झालाय ह्यो," ती नवनाथला म्हणाली, पण तिनं धुतले. स्वच्छ धुतलेलं लुगड्याचं धडपं होतं, त्याला पुसले. दिवसभर तिनं काही खाल्लं नव्हतं, म्हणजे सँपल रिकाम्या पोटाचं होतं, नियमात बसणारं. बोट टोचलं, शेवटची पट्टी. ती तीन मिनिटं मला नळीच्या काळातल्या कुठल्याही तपासणीपेक्षा लांब वाटली. नवनाथ खाली वाकून मशीनमध्ये बघत होता, त्याचा श्वास माझ्या कानावर येत होता.

एकशे शहाऐंशी.

"म्हंजे?" दोघं एकदमच म्हणाली.

"थोडं वर हाय. पर मापात हाय. सकाळच्यासारखं न्हाई."

नवनाथ सरळ उभा राहिला. "मंग सकाळचं काय हुतं, तात्या?"

आता आली का पंचाईत. माझ्या तोंडात 'मशीन' हा शब्द आला होता, अगदी जिभेच्या टोकावर. कोंडाबाई माझ्याकडं बघत होती.

"सकाळचं म्हशीचं हुतं," मी म्हणालो. "माज्या फडक्यावरचं दूध बोटाला लागलं. चूक माजी हाय."

मग कोंडाबाई म्हणाली, "परत म्हन."

"का?"

"आयकाया लई बरं वाटतंय."

नवनाथला मी सांगितलं, या खेळण्यावर जाऊ नको, माझ्यावर तर नाहीच. सोमवारी नगरला लॅबमध्ये ने, दंडातलं रक्त द्या, डॉक्टर सांगेल ते ऐका. म्हशींचं काय ते त्यानंतर मायलेकरं बसून ठरवा, पण माझ्या कागदावर नको. त्यानं कागद खिशातून काढून मला परत दिला आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. टेम्पोवाला पलीकडून बराच वेळ बोलत होता. कोंडाबाई तोवर आत गेली आणि भाकरी घेऊन बाहेर आली. "व्हा बाजूला," म्हणाली, "दिसभर उपाशी हाय मी तुमच्या फॅटपायी."

या धंद्यात मी एवढं शिकलो: दूध असो की रक्त, आकडा चुकीचा वाटला तर मशीन उघडायच्या आधी तपासणाऱ्यानं स्वतःच्या खांद्यावर बघावं. आणि समोरचा माणूस पुढं काही सांगत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी संस्थेत गेलो. फळ्यावर खडूनं दहाही नावं लिहिली. खाली लिहिलं, 'कालचं रीडिंग रद्द. चूक मशीनची नाही, तपासणाऱ्याची.' त्याखाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. रांग आली. एकानं मोठ्यानं वाचलं, मग सगळ्यांनी वाचलं. घोंगडीतले पहिलवान रांगेत सगळ्यात पुढं होते. ते म्हणाले, "तात्या, मंग आमचं मागल्या साली तुमी साडेपाचच फॅट लावलं हुतं, ते बी चुकलंच आसंल!" मागून आणखी तिघांना आपापलं जुनं फॅट आठवलं. मी खडू खाली ठेवला, मशीनपुढच्या स्टुलावर बसलो आणि सगळ्यांना एकदाच सांगितलं, की रक्ताचं चुकलं ते चुकलं, दुधाचं एकही चुकलेलं नाही. मग साबणानं धुतलेल्या हातानं पहिली बाटली घेतली आणि म्हणालो, "पुढं या."