कृष्णाबाईंचं गोपूर

मळमड्डीत आमच्या शेजारच्या कृष्णाबाई कसुती भरायच्या. कापडावर छाप नाही, पेन्सिलीची रेघ नाही. नुसते धागे मोजायचे आणि टाका घालायचा. त्यांच्या आईकडून आलेली मोठ्या गोपुराची, देवळाच्या मजल्यामजल्यांच्या दाराची, नक्षी त्यांच्याखेरीज कुणालाच येत नव्हती, आणि सत्त्याऐंशी साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सुईत दोरा ओवता येईना. हे गोपूर आपल्याबरोबरच जाणार, हा एकच घोर त्यांना लागला.

त्यांचा भाचा पद्मनाभ एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होता. "मावशी, पडद्यावर अक्षर ठसठशीत दिसतं. फुल्या मारून काढ की गोपूर," म्हणाला. मी सोबतीला गेले. चपला बाहेर, आत गारेगार. काळ्या पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं तेव्हा कृष्णाबाईंचे हात आपोआप जुळले.

पद्मनाभनं त्यांना 'गेस्ट', म्हणजे पाहुणी, म्हणून मशीनमध्ये सोडलं. एका बोटानं कळा दाबत संध्याकाळपर्यंत त्यांनी पाया उभा केला. पुढच्या रविवारी बघतो तर पडदा कोरा!

"कुठं गेलं रे माझं?"

"गेस्टचं काही ठेवत नाही हे. माणूस उठला की पुसून टाकतं."

"असलं कसलं घर रे! आमच्याकडं पाहुण्याचं पान उचलतात, पण जेवलेलं पोटात तरी राहतं!"

"मग तुझ्या नावाचं खातं काढू. मात्र पासवर्ड लागेल, आणि तो कुणाला सांगायचा नाही."

"अय्यो! कसुती कुणी कुलपात घालतं का?"

खातं काढलं. कितीतरी रविवार खपून गोपूर कळसाला गेलं. आमच्याकडं नक्षी मागेल तिला द्यायची रीत. कृष्णाबाईंनी हळदीकुंकवात पासवर्डही सगळ्यांना सांगून टाकला. बायका नक्षी उतरवून घ्यायला कॉलेजात येऊ लागल्या. पुढं बघतात तो गोपुराच्या मधल्या मजल्यावर मोर!

"मोकळं दिसत होतं हो, अक्का," गल्लीतली विमला पुटपुटली.

डोळे पुसत, पडद्याला नाक लावून कृष्णाबाईंनी तो मजला पुन्हा बांधला. पद्मनाभनं आधी पासवर्ड बदलला, मग काहीतरी टाइप केलं.

"मावशी, खातं तुझंच. पण गोपूर आता गेस्टलाही दिसेल. बघावं, उतरवून घ्यावं. बदलायचं मात्र फक्त तू."

"उगाच काहीतरी सांगू नकोस. विमले, बस गं त्या मशीनवर."

विमला गेस्ट म्हणून आत गेली. मजल्यावर मजला चढत आख्खं गोपूर तिच्याही पडद्यावर उभं राहिलं. तिनं पुन्हा मोर काढून बघितला. मशीननं तो ठेवूनच घेतला नाही. कृष्णाबाईंच्या पडद्यावर एक फुली हलली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. दार सताड उघडं, आणि तरी घरातली वीटसुद्धा कुणाला हलवता येऊ नये!

विमलानं पिशवीतून खण काढला, पडद्याकडं बघत सुई टोचली.

"मोठ्यानं मोज गं," कृष्णाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "मला ऐकू दे."